मीटिंगला काय नेसू, अक्का?

अक्का, तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी अजून ठरवलेलं नाही की सोमवारी काय नेसायचं.

हसू नकोस. तुला वाटेल, मी मेले तरी ही बया साडीतच अडकलेली. व्हय, अडकलेली आहे. परवा कारखान्यातून फोन आला. खरेदीचे जुने साहेब रिटायर झाले, त्यांच्या जागी एक नवी बाई आली आहे. तिला गणवेशाचं सगळं नव्याने बघायचं आहे. मुंबईच्या कुणी तयार कपड्यांचे नमुने आणून दाखवलेत म्हणे. "सोमवारी अकराला या काकू, मग ठरवू," एवढंच बोलली. मी फोन ठेवला तर आपल्या शिवणाच्या शेडमधल्या चालू असलेल्या नऊच्या नऊ मशीन थांबलेल्या आणि नऊ बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. आपल्याकडचं बहुतेक काम त्या एका कारखान्याचं, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. ते गेलं तर मशीनवर झाकण घालायची वेळ.

आणि मी आजवर एकाही मीटिंगला एकटी गेलेली नाही. बोलायचीस तू. मी शेजारी बसून वहीत लिहायची. आणि त्याआधी आठवडाभर, काय नेसायचं यावरून आपलं भांडण. आता भांडायला समोर कोणी नाही, तर साधी साडी ठरत नाही माझी. कपाट उघडते, बघते, बंद करते. आमचे हे म्हणाले, "कायपण नेस, कोण बघतो?" या माणसाला इतक्या वर्षांत एवढंच कळलं.

तुझ्या तेराव्याला लोक काय-काय बोलले, ऐकायला हवं होतंस. कोपऱ्यावर तुझ्या फोटोचा बोर्ड लावलाय, त्यावर लिहिलंय 'मनमिळाऊ'. मनमिळाऊ! कात्री जागेवर ठेवली नाही म्हणून चार-चार दिवस अबोला धरणारी बाई मनमिळाऊ? मी बोर्डाखाली उभी राहून मोठ्याने हसले. शेजारच्या काकींना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच आहे थोडा.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुला 'अहो जाऊबाई' म्हणायची. कासूची पोर मी, घरून शिकवून पाठवलेलं, मोठ्या जावेला मान द्यायचा. दिला. तीन महिने दिला. मग एक दिवस तू माझ्या रुखवतातल्या उशीचा अभ्रा सरळ उसवलास. "शिवण वाकडी हाय गो, बघवत नाय," म्हणालीस. मी म्हटलं, "तू कोण गं माझा अभ्रा उसवणारी?" त्या 'तू'वर तू जी हसलीस! त्यानंतर 'अहो' काही परत आलं नाही. आणि अभ्रा तू पुन्हा असा शिवलास की तो आजही आहे. मऊ होऊन गेला, पण शिवण जागची हललेली नाही.

तुझ्या त्या एका मशीनवर आपण परकर शिवले, ब्लाऊज शिवले, शाळेचे फ्रॉक शिवले. मग एमआयडीसीतल्या कुणीतरी सांगितलं, अमुक कारखान्यात कामगारांसाठी सुती कपडे हवेत, शिवणारा माणूस पळाला. तुझं शिक्षण सातवी, मी मॅट्रिक पास, म्हणून ठरलं की साहेबांशी मी बोलायचं. मी आरशासमोर उभी राहून इंग्रजीची दोन वाक्यं पाठ केली. आणि त्याहून मोठी तयारी म्हणजे पेणला जाऊन साडी आणली. गुलाबी जॉर्जेट. अंगभर बारीक चमक्या. दुकानदार म्हणाला होता, "ताई, हवेत तरंगाल."

सकाळी मला बघून तू दारातच कमरेवर हात ठेवलेस.

"काय गो सुलू, कुणाच्या हळदीला चाललीस?"

"मीटिंगला."

"मग मीटिंगला ये. वरातीला नको."

तू स्वतः काय नेसली होतीस? घरातलीच जुनी सुती, राखी रंगाची, काठ विटलेला. मला तुझी लाज वाटली, आता सांगते. एसटीत मी मुद्दाम एक सीट सोडून बसले.

कारखान्याच्या फाटकावर एक पोरगेला वॉचमन होता. त्याने आधी काडेपेटी आहे का विचारलं, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, साडीचा प्रताप. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला आत नाय सोडता यायचा. साडी नायलॉनची हाय."

"मग?"

"आत पेट घेणाऱ्या वाफा असतात ना. नायलॉन अंगाला घासला की ठिणगी उडते. सुती पायजे."

"मग काय साडी इथे सोडून जाऊ?" मी म्हटलं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण फाटक काही उघडलं नाही.

आणि अक्का, माझ्या हातात काय होतं? आपल्या नमुन्यांचं गाठोडं. मीच माझ्या हाताने चिठ्ठी लिहून त्यावर टाचली होती, 'शंभर टक्के सुती'. का सुती, कुणासाठी सुती, हे सगळं मला माहीत होतं. त्याच कारखान्याचं काम मागायला मी त्याच कारखान्याच्या दारात जॉर्जेट नेसून उभी. गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता. सांगितलंच नाही मी कुणाला. तू मात्र सगळ्यांना सांगितलंस, ते सोड.

तू माझ्याकडे बघितलंस, गाठोडं घेतलंस, टेप गळ्यात घातलीस आणि गेलीस आत. मी दोन तास वॉचमनच्या बाकावर, गुलाबी, चमक्या लावून. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला बघत होता. माझी दोन इंग्रजी वाक्यं माझ्याजवळच राहिली. तू बाहेर आलीस ती सगळ्या कामगारांची मापं घेऊनच. मी विचारलं, "तू बोललीस काय साहेबांशी?"

"मी काय बोलनार? त्यांनी इचारला, बाई टिकंल का. मी बोलले, ओढून बघा. त्यांनी ओढला."

"आणि?"

"आनि काय. नाय फाटला."

तिथून आपण परतीची गाडी न धरता उलट्या दिशेने कोलाडला गेलो, कारण तुला भूक लागली होती. हायवेवरच्या त्या टपरीत कांदाभजी खाल्ली, एक प्लेट तुझी, एक माझी. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगनंतर कोलाड, हे ठरूनच गेलं. काम मिळो, न मिळो, भजी नक्की.

घरी आल्यावर तू देवापुढचं निरांजन घेतलंस आणि माझ्या नव्या कोऱ्या पदरातून एक दोरा ओढलास. मी ओरडले. तू ऐकलं नाहीस. दोरा ज्योतीवर धरलास. तो जळला नाही, आक्रसला, त्याची काळी टणक गोळी झाली. मग तुझ्या साडीचा दोरा धरलास, तो भुर्रकन जळून राख. "बघ," तू म्हणालीस, "तुझा वितळतो. वितळला की अंगाला चिकटतो गो. सोडवताना कातडी येते." मी पदर निरांजनापासून लांब ओढून घेतला.  त्या दिवसापासून दुकानातून आलेल्या प्रत्येक ताग्याचा दोरा जाळून बघितल्याशिवाय आपण कात्री लावली नाही. दुकानदार वैतागायचे. वैतागू देत.

म्हणजे सुती की नायलॉन हे भांडण पहिल्याच दिवशी मिटलं. उरलं ते दुसरं, आणि ते तुझ्या मरणापर्यंत पुरलं. तुझं म्हणणं, मीटिंगला असं जावं की साहेबाची नजर आपल्यावर पडूच नये. "त्याचा लक्ष कपड्यावर पायजे सुलू, पन हातातल्या. अंगावरच्या नाय." माझं म्हणणं, आधी माणूस दिसतं, मग त्याचं काम. म्हणून मी सुतीच नेसायची, पण हळदी, मोरपंखी, हातभर काठाची. आणि तू आपली राखी, नाहीतर मातकट.

एकदा मी जिंकले होते, मान्य कर. ऑफिसची नवी इमारत झाली होती, आपण मीटिंगच्या खोलीत शिरलो आणि शिपाई तुला म्हणाला, "मावशी, लादी दुपारी पुसायची. आता मीटिंग आहे." माझ्या अंगाची आग-आग झाली. तू शांतपणे खुर्ची ओढलीस, बसलीस आणि म्हणालीस, "लादी दुपारीच. आता कपडा." साहेब आले, काम झालं, सगळं झालं. पण कोलाडला भजी समोर आली तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हटलं, "आपण मालकिणी आहोत ना गं? मग मालकिणीसारखं दिसायला काय झालं? त्याने तुला लादी पुसणारी म्हटलं."

"लादी पुसनं काय वाईट हाय?"

"वाईट नाही. पण तू ती नाहीस. तुला बघून कळायला हवं की तू कोण."

तू भजीतला कांदा बाजूला काढत बसलीस. मी जिंकले, हे मला दिसलं, आणि मी मनातल्या मनात ढोल वाजवले.

पुढचं तुला आठवत असेल. त्या गणपतीला तू माहेरी रामवाडीला गेलीस आणि येताना पेणच्या बाजारातून दोन साड्या आणल्यास. दोन्ही हुबेहूब. राखी सुती, निळा बोटभर काठ, कांजी केल्यासारख्या कडक. एक माझ्या मांडीवर ठेवलीस.

"ही मीटिंगची. माझी बी तशीच हाय. आपन दुसऱ्यांना गणवेश शिवतो, आपन घालायला काय हरकत हाय? लांबून कळंल, ह्या त्या शिवनवाल्या."

आणि मी काय म्हटलं? "मी काय बँडवाली आहे, सगळ्यांसारखी एक वर्दी घालायला?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी साडी तुझ्या मांडीवर परत टाकली आणि वर म्हटलं, "तुला म्हातारं दिसायचंय तर दिस. मला नको ओढूस." तेव्हा तू चाळीस-बेचाळीसची असशील. तू साडीची घडी सरळ केलीस, उचललीस, गेलीस. चार दिवस अबोला. बोलायचं ते बॉबिनच्या डबीत चिठ्ठ्या टाकून. 'बटणं संपली.' 'मग आण.' पाचव्या दिवशी तू माझ्यासाठी घावने घातलेस आणि त्या साडीचं नाव पुन्हा काढलं नाहीस. तू तुझी नेसत राहिलीस, दर मीटिंगला तीच. माझी तू रामवाडीच्या भाचीला दिलीस असं मी धरून चालले. विचारायचं धाडस झालं नाही. नंतर-नंतर तर वाटायचं की एकदा म्हणावं, अक्का, तेव्हा मी उगाच तोडून बोलले. दरवर्षी वाटायचं. पण आपल्यात माफी मागायची पद्धत कुठे होती? मी जास्तीची भजी तुझ्या प्लेटमध्ये सरकवायची, तीच माझी माफी.

आता तुला एक गंमत सांगते. हसू यायचं नसेल तरी हस. त्या सकाळी तू चहा पिऊन जरा आडवी झालीस ती उठलीच नाहीस. घर माणसांनी भरलं. बायकांनी तुझ्यासाठी हिरवी साडी आणली. सवाष्ण गेलीस, थाटात गेलीस. मी साडी हातात घेतली, बोटांनी चोळली आणि किंचाळले, "ही नायलॉनची आहे!"

सगळ्या जणी बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अगो, आता काय फरक पडतो?"

"फरक पडतो! तिला आगीजवळ न्यायचीय. आगीजवळ सुतीच लागते!"

बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं की मी काय बोलतेय.  मी जमिनीवर बसले आणि हसायला लागले, हसता-हसता रडायला लागले, आणि मला थांबता येईना. तेव्हा मोठे भावजी, म्हणजे तुझे हे, दारातून म्हणाले, "ती बोलते ते बरोबर हाय. सुती आना." बाजारातलं दुकान उघडायला लावलं. हिरवी सुती मिळाली, काठ थोडा जाड होता. मी एक दोरा काढून देवाजवळ जाळून बघितला. राख झाली. मगच तुला नेसवली.

आता माझा पेच. तेराव्यानंतर माझा भाऊ कासूहून दुखवट्याची साडी घेऊन आला. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे, माहेरच्यांनी आणलेली ती साडी नेसूनच पहिल्यांदा बाहेर पडायचं, म्हणजे दुःख फिटलं. भाऊ प्रेमाने आणतो, पण आणतो काय? वांगी रंगाची, झुळझुळीत, पन्नास पावलांवरून चमकणारी. दोरा जाळायची गरजच नाही. ती नेसून गेले तर फाटकावर पुन्हा बाक. ती नाही नेसले तर सगळे म्हणणार, रीत मोडली. माझी हळदी नेसू? सुतकातून उठून लगेच हळदी? मोरपंखी बघितली तर नवी बाई म्हणेल, ही काकू नाटकाला निघाली. सांग ना काहीतरी. नेहमीसारखं कमरेवर हात ठेवून सांग.

*

वरचं सगळं शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार. दिवेलागण झाली आहे, आणि मला तुला पुष्कळ सांगायचं आहे. शांतपणे ऐक, मध्ये बोलू नकोस.

काल सकाळी मोठे भावजी शेडवर आले. हातात कापडी पिशवी. म्हणाले, "हिच्या कपाटात तुझी वस्तू होती. घेऊन जा."

पिशवीत ती साडी होती, अक्का. राखी, निळ्या काठाची. फॉल लावलेला, पिको केलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास. तू ती कुणाला दिलीच नव्हतीस. आणि घडीच्या आत ब्लाऊज. निळा, काठाला जुळणारा. मी हातात धरला आणि मनात म्हटलं, आता या वयात मला कसला बसतोय. तेव्हाची मी केवढीशी होते. तरी आत जाऊन घातला.

बसला.

मी ब्लाऊज काढला, उलटा केला आणि उजेडाला धरला. शिवणवाली बाई मी, मला शिवण वाचता येते. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आतल्या अंगाला सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या. एक, तिच्याबाहेर दुसरी, तिच्याबाहेर तिसरी. तीनदा उसवला होतास, तीनदा सैल केला होतास. पहिली उसवण बहुतेक माझ्या ऑपरेशननंतरची, मी सहा महिने लोळून होते तेव्हाची. दुसरी गुडघे धरले तेव्हाची. तिसरीचा दोरा अगदी ताजा, मागच्या दिवाळीचा असणार. माझे सगळे ब्लाऊज तूच शिवायचीस. टेप फिरवायचीस आणि आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचीस, मला कधी सांगितला नाहीस. मला वाटायचं, मी जाड झाले हे तोंडावर बोलायला तुला जीभ नाही. आणि तू इकडे गुपचूप हा ब्लाऊज काढून माझ्या मागे-मागे येत होतीस.

बाहेर आले तर मोठे भावजी म्हणाले, "दर दिवाळीला काढायची, बघायची, कधी उसवायची, परत ठेवायची. मी एकदा इचारला, कुनाचा हाय? तर बोलली, सुलूचा. मागंल तेव्हा बसला पायजे."

मी मागितला नाही गं. इतकी वर्षं मागितला नाही. मला तर आता कळलं, त्या दोन साड्या म्हणजे तुझं उत्तर होतं. लादीवाल्या दिवशी मी रडले होते ना, तुला बघून कळायला हवं की तू कोण म्हणून? तू ते ऐकलं होतंस. म्हणून कडक घडीची आणलीस, म्हणून दोघींना सारखी आणलीस. तू माझं म्हणणं मान्य केलं होतंस आणि मी तुला बँडवाली म्हटलं. अक्का, माझं चुकलं. हे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, भजी सरकवत बसले.

आज सकाळी तीच नेसले. निघताना भावाची वांगी साडी क्षणभर खांद्यावर घेतली, देवाला नमस्कार केला आणि घडी करून ठेवली. रीत झाली. भावाला बोलले तर तोही हसला.

फाटकावर तोच वॉचमन. तेव्हाचा पोरगेला, आता डोक्यावर कापूस. मला लांबून येताना बघून तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. जवळ गेले तर डोळे पुसत होता. "मला वाटला अक्काच आल्या," म्हणाला. मग सवयीने काठ बोटांत धरून बघितला. "सुती हाय. जा ताई."

नवी बाई माझ्या लेकीच्या वयाची. साधा सुती कुर्ता, पायात जाडजूड बूट. वागायला चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तिने मुंबईचा नमुना आणि आपला नमुना शेजारी-शेजारी ठेवले. त्यांचा प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री अशी की धार लागावी. आपला त्याच्यापुढे गावाकडून आलेल्या पाहुण्यासारखा. "काकू, हा दिसायला बरा आहे, सगळ्या मापांत तयार मिळतो. हाही सुतीच आहे, त्यांचा तसा कागद आहे. मग आपण तुमच्याकडून का घ्यावा?"

 शेडमधल्या नऊ जणी डोळ्यांपुढे आल्या. शेजारी बघितलं, तुझी खुर्ची रिकामी. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतं. "ओढून बघा," मी म्हटलं.

तिने ओढला. दोन्ही नाही फाटले. झाली पंचाईत! तुझ्या वेळी एकच कपडा होता समोर, माझ्या वेळी दोन. पण हातात आलाच होता तर मी त्यांचा चोळून बघितला. बोटांखालून सरकत होता. सुती असा सरकत नाही. माझा हात काडेपेटीसाठी पिशवीत गेला आणि थांबला. काडेपेटी फाटकावरच जमा, बरं झालं, नाहीतर इतक्या वर्षांची अब्रू एका काडीत गेली असती. मी दोन्ही शर्टांच्या शिवणीआडच्या कापडाचा एक-एक दोरा काढला, कागदाच्या दोन पुड्या बांधल्या, नावं लिहिली आणि तिच्यापुढे ठेवल्या. "घरी गेल्यावर गॅसवर धरा. ज्याची राख होईल तो सुती. ज्याची गोळी होईल, तो तुमच्या माणसांच्या अंगाला चिकटेल. मग तुम्ही ठरवा."

तिने दोन्ही पुड्यांवरची नावं वाचली. मग म्हणाली, "काकू, घरी कशाला? आमच्याकडे लॅब आहे. दोन्ही शर्ट पाठवते."

घे! इतकी वर्षं आपण निरांजनावर दोरे जाळले, आणि यांच्याकडे लॅब होती.

मी कोलाडला गेले. पाय आपोआप वळले. टपरीवाल्याने न विचारता दोन प्लेट आणून ठेवल्या, तू गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. माझी खाल्ली. मग तुझीही खाल्ली, कांदा बाजूला न काढता. शेवटची भजी तोंडात असताना फोन वाजला.

"काकू, त्यांच्यात भेसळ निघाली. तुमचा पास झाला. पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला येता का? यावेळी नवीन भरती पण आहे."

मी येते म्हटलं. तेही तोंडात भजी ठेवून. आणि मग मला राहवलं नाही. तुझं-माझं इतक्या वर्षांचं भांडण होतं, पंचाला विचारायला नको? मी म्हटलं, "बाई, एक विचारू? मी आज साडी कुठली नेसले होते?"

ती गोंधळली. "सॉरी काकू. लक्षच नव्हतं माझं. मी नमुनाच बघत होते."

जिंकलीस. झालं समाधान? पण वॉचमन लांबून उठून उभा राहिला होता, हेही मोज. अर्धं माझं.

शेडवर आले तर नऊ जणी दारात. मी मान हलवली आणि जो कालवा झाला तो तू तिथे ऐकला असशील. पेढे वाटले, एक तुझ्या मशीनवर ठेवला.

आता सगळ्या घरी गेल्यात आणि मी तुझ्या मशीनपाशी बसले आहे. एक सांगायचं राहिलं. दोन प्लेट भज्यांनी घात केला, ब्लाऊज काखेत टोचतोय. उलटा करून बघितला. आत अजून अर्धा इंच कापड आहे, पुढच्या वेळेसाठी सोडून ठेवलंयस. कात्री घेतली आहे हातात, तुझीच, जागेवर होती. मापं घ्यायला जायच्या आत चौथ्यांदा उसवायचा आहे, आणि यावेळी मलाच उसवावा लागणार.